खेळाचे नियम कोण लिहितं?



आजचा विषय संगणकावरच्या खेळांमधून होणारं शिक्षण. विषय आजचा वाटतो, पण त्याला साठ वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास आपण आज थोडा तपशिलात पाहणार आहोत. मात्र सुरुवात घरातल्या एका गोष्टीने करू, कारण या विषयाकडे आम्ही वळलो ते त्या गोष्टीमुळेच.

आमची नात तिसरीत आहे. तिच्या टॅबवर पाढ्यांचा एक खेळ आहे. पडद्यावर प्रश्न येतो, सात आठे किती? खाली चार उत्तरं असतात. बरोबर उत्तरावर बोट ठेवलं की एक चांदणी मिळते. चुकलं तर एक पोपट मान हलवतो, बस्स. काहीच जात नाही, पुन्हा बोट ठेवायचं. आम्ही शेजारी बसून पाहिलं, तर ही मुलगी प्रश्न वाचतच नव्हती. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं अशी ओळीने बोटं ठेवत होती आणि दहा मिनिटांत तिने ढीगभर चांदण्या गोळा केल्या. आम्ही विचारलं, "अगं, सात आठे किती?" तर म्हणाली, "थांब ना आजोबा, इथे वाचायला लागत नाही."

आता बघा, मुलगी चुकली का? आमच्या मते नाही. खेळाने तिला जे शिकवलं ते ती अगदी नीट शिकली होती. चित्रं पाढ्यांची होती, पण नियम सांगत होता की भराभर बोट ठेव, चांदणी मिळेल. ती नियम शिकली. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा हाच आहे. खेळ शिकवतो तो त्याच्या नियमांमधून. वरची चित्रं, गोष्ट, नाव ही सजावट असते. म्हणून खेळातून शिक्षण म्हटलं की विचारायचा पहिला प्रश्न असा, की हे नियम कोणी लिहिले, आणि त्यांच्याबद्दल मुलांशी बोलणारं कोणी आहे का?

हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. प्लेटोच्या 'लॉज' या संवादाच्या सातव्या भागात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे इजिप्तमधली मुलं सफरचंदं आणि फुलांचे हार वाटण्याच्या खेळातून हिशेब शिकतात, असं तिथे कौतुकाने सांगितलं आहे. दुसरी गोष्ट तेवढी प्रसिद्ध नाही. प्लेटो म्हणतो की मुलांच्या खेळांचे नियम सारखे बदलू देऊ नका, कारण जी मुलं खेळात नवे नियम आणतात ती मोठेपणी वेगळी माणसं होतात आणि राज्याचे कायदेही बदलायला मागतात. प्लेटोला याची भीती वाटत होती. आपल्याला कदाचित तीच आशेची गोष्ट वाटेल. पण त्याने नेमकं काय ओळखलं होतं, ते महत्त्वाचं आहे. खेळाच्या नियमांमधून नागरिक घडतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर सापशिडीचं घेऊ. उत्तरेत ज्ञानचौपड आणि महाराष्ट्रात मोक्षपट या नावाने हा खेळ ओळखला जातो. परंपरा तो ज्ञानदेवांशी जोडते, पण तिला इतिहासाचा पुरावा समजू नये. हाती असलेले पट कितीतरी नंतरचे आहेत. त्यावर घराघरात सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले असतात. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप, आणि शेवटी मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडमध्ये गेला, तेव्हा त्यांनी शिड्यांखाली त्यांचे व्हिक्टोरियन सद्गुण घातले. पुढे पुढे सगळेच शब्द गळाले आणि उरले नुसते आकडे. खेळ मात्र चालूच राहिला, कारण नियम बदलला नव्हता. फासा पडेल तसं जायचं! म्हणजे पट म्हणतो की सद्गुणी व्हा, आणि नियम म्हणतो की तुमच्या हातात काही नाही. एखादा भाविक म्हणेल, फासा म्हणजे प्रारब्ध. ठीक आहे, पण मग तो प्रारब्ध शिकवणारा खेळ झाला, सदाचार शिकवणारा नव्हे.

एवढी तयारी करून आता संगणकाकडे येऊ.

१९६२ सालची गोष्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर परगण्यातलं शालेय सेवा मंडळ आणि आयबीएम कंपनी यांनी मिळून एक कार्यशाळा घेतली. विषय होता, संगणक वर्गात कसा वापरता येईल. आयबीएमचे ब्रूस मॉन्क्रीफ यांनी सुचवलं की प्राचीन मेसोपोटेमियाच्या अर्थव्यवस्थेचा एक नमुना करावा आणि मुलांनी तो चालवून पाहावा. हा खेळ कोणी लिहायचा? तर तो लिहिला मेबल ॲडिस या शिक्षिकेने. कॅटोना गावच्या प्राथमिक शाळेत त्या चौथीला शिकवत होत्या. प्रोग्राम केला आयबीएमच्या विल्यम मॅके यांनी. १९६४ साली 'द सुमेरियन गेम' तयार झाला. शिक्षणासाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या संगणक-खेळांपैकी हा एक. ज्यांची नावं आपल्याला माहीत आहेत अशा खेळ-लेखकांमध्ये ॲडिस बाई पहिल्या म्हणाव्या लागतील.

खेळायचा कसा? पडदा नव्हताच. टंकयंत्रासारखं एक यंत्र, ते टेलिफोनच्या तारेने दूरच्या मोठ्या संगणकाला जोडलेलं. सहावीतला मुलगा किंवा मुलगी त्यापुढे बसायची. कागदावर मजकूर उमटायचा की तू लगश नगराचा राजा आहेस, काळ इसवी सनापूर्वी ३५००. यंदा एवढं धान्य आलं, एवढी लोकसंख्या आहे. खायला किती देणार, पेरायला किती ठेवणार, कोठारात किती टाकणार? मूल आकडे टंकायचं, आणि पुढच्या हंगामाचा निकाल कागदावर यायचा. मधेच एखादं संकट कोसळायचं. पुढच्या टप्प्यांत कारागिरी आणि व्यापार यायचा. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत पारदर्शिका आणि ध्वनिमुद्रित भागही जोडले होते. आज मूळ प्रोग्राम हरवला आहे, थोडेफार छापील कागद उरले आहेत. ॲडिस बाई २००४ साली गेल्या. २०२३ साली गेम डेव्हलपर्स चॉइस अवॉर्ड्समध्ये त्यांचा मरणोत्तर गौरव झाला. म्हणजे हा खेळ लिहिल्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी!

या खेळाची कल्पना मात्र हरवली नाही. १९६८ च्या सुमारास डग डायमेंट या प्रोग्रामरने त्यावरून एक छोटा खेळ लिहिला. डेव्हिड आल यांनी तो बेसिक भाषेत आणला आणि १९७३ च्या आपल्या खेळसंग्रहात 'हॅमुराबी' या नावाने छापला. हजारो मुलांनी तो पुस्तकातून बघून स्वतः टंकून घेतला. नियम छोटे आहेत, म्हणून आपण त्याचा हिशेबच करून पाहू.

राज्य दहा वर्षांचं. सुरुवातीला माणसं १००, जमीन १००० एकर, कोठारात २८०० बुशेल धान्य. बुशेल हे धान्याचं माप. प्रत्येक माणसाला वर्षाला २० बुशेल लागतात. एक माणूस १० एकर कसू शकतो. एकराला अर्धा बुशेल बियाणं लागतं. आता सगळ्यांना पोटभर द्यायचं तर २००० बुशेल गेले. उरले ८००. सगळी जमीन पेरायची तर बियाण्याला ५०० गेले. उरले ३००. त्यात पीक किती येईल ते नशिबावर, उंदीर किती खातील तेही नशिबावर, आणि मधेच साथ आली तर निम्मी माणसं जातात. जमीन विकता-घेता येते, पण भाव दरवर्षी बदलतो. दहा वर्षांची पोरं हे खेळताना गुणाकार, भागाकार, टक्केवारी, शिल्लक ठेवण्याचं महत्त्व असं बरंच काही शिकली, यात शंका नाही. पाठ्यपुस्तकातलं 'कृषिप्रधान संस्कृती' हे वाक्य दहादा घोकून जे कळत नाही, ते एकदा बियाणं कमी पडलं की कळतं. खेळाचं सामर्थ्य ते हे. ते आम्ही नाकारत नाही.

पण याच खेळात आणखी एक नियम आहे. एका वर्षात ४५ टक्क्यांहून जास्त प्रजा उपासमारीने मेली तर राजाला पदावरून हाकलून देतात. हुशार मुलगा काय करेल? तो शोधून काढेल की ४४ टक्के मेले तर त्या वर्षी गादी टिकते. उलट पुढच्या वर्षी खाणारी तोंडं कमी होतात. अखेरीस दहा वर्षांचा हिशेब होऊन शेरा मिळतो खरा, पण तोही सरासरी टक्केवारीवर. उपाशी माणूस या खेळात कुठेही बोलत नाही. तो फक्त एका बेरजेतून वजा होतो.

आता आमच्या वयाच्या मंडळींनी १९७२ आठवावं. महाराष्ट्रात दुष्काळ पडला तेव्हा लाखो माणसं खडी फोडायला गेली. तिथे केवळ कोठारातल्या धान्याचा हिशेब चालला नव्हता. मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. जिथे लोकशाही आणि मोकळी वर्तमानपत्रं नीट चालतात तिथे मोठे भूकबळी होत नाहीत, असं अमर्त्य सेन यांनी मांडलं आहे. हॅमुराबीच्या नियमांत यातलं काहीच नाही. त्यात फक्त राजा आहे आणि कोठार आहे. प्राचीन सुमेरसाठी ते कदाचित खपून जाईल. पण खेळणाऱ्या मुलाच्या मनात राज्य चालवणं म्हणजे काय याची जी पहिली आकृती उमटते, ती अशी उमटते. आणि खेळाच्या आत राहून त्या नियमाशी वाद घालता येत नाही. पुस्तकातलं वाक्य पटलं नाही तर आपण समासात प्रश्नचिन्ह काढतो. खेळात नियम मान्य केल्याशिवाय पहिली चालसुद्धा करता येत नाही. वाद घालायचा तर खेळाबाहेर यावं लागतं. तिथे शिक्षक लागतो.

दुसरं उदाहरण मिनियापोलिसचं. १९७१ साल. डॉन रॅविच हा तरुण शिक्षक होण्याचा सराव म्हणून आठवीला इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबं बैलगाड्या घेऊन अमेरिकेच्या पश्चिमेला ऑरेगनपर्यंत गेली, तो धडा. त्याने पटावरचा खेळ करायला घेतला. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे त्याचे सोबती गणिताच्या वर्गावर होते. ते म्हणाले, आपण हे संगणकावर करू. साधारण दोन आठवड्यांत प्रोग्राम लिहिला आणि डिसेंबरात वर्गात आणला. तोच 'द ऑरेगन ट्रेल'. सत्र संपलं तेव्हा रॅविचने प्रोग्राम पुसला आणि छापील प्रत घरी नेली. १९७४ साली तो मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत लागला तेव्हा त्याने ती पुन्हा टंकली. आणि एक फार चांगली गोष्ट केली. त्या प्रवाशांच्या खऱ्या रोजनिशा वाचल्या, आणि वाटेत कुठे पाऊस, कुठे आजारपण, कुठे पाण्याची टंचाई किती वेळा येत होती ते पाहून खेळातल्या घटनांचं प्रमाण सुधारलं. म्हणजे नियमाला कागदपत्रांचा आधार दिला. इतिहासाचा शिक्षक असावा तो असा.

पहिल्या वर्गात काय झालं, ते रॅविचने पुढे सांगितलं आहे. वर्गात यंत्र एक आणि मुलं पुष्कळ. मग मुलांनी आपणच कामं वाटून घेतली. एकाने नकाशा धरायचा, एकाने पैशांचा हिशेब ठेवायचा, ज्याला भराभर टंकता येतं त्याने शिकारीच्या वेळी यंत्रापुढे बसायचं. बैलांवर किती खर्च करायचा, औषधांवर किती, यावर चर्चा व्हायची. आपल्याला वाटतं, की यंत्र कमी ही अडचण. इथे त्या अडचणीमुळेच मुलं एकमेकांशी बोलली! आज प्रत्येकाच्या हातात टॅब आहे आणि वर्ग शांत आहे. या शांततेला आपण प्रगती म्हणतो. आम्हाला ती थोडी काळजीची वाटते.

पण ऑरेगन ट्रेलचे नियम तरी कोणाच्या बाजूने लिहिले होते? गाडीतून जाणाऱ्यांच्या. ज्यांच्या जमिनीवरून गाडी जात होती ते मूळ रहिवासी खेळात होते, पण वाटेतली एक घटना म्हणून. कधी धोका, कधी मदत. खेळाचा प्रश्न एकच होता, आपण पोचू का? आपण पोचल्यावर तिथल्यांचं काय होईल, हा प्रश्न नियमांत नव्हता. यावर अमेरिकेतल्या शिक्षकांनी पुढे टीका केली. २०१९ साली 'व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स' नावाचा खेळ आला. एलिझाबेथ लापेन्से आणि अनेक आदिवासी लेखकांनी तो केला. त्यात १८९० च्या दशकात मिनेसोटातली आपली जमीन गेलेली अनिशिनाबे समाजाची व्यक्ती पश्चिमेला निघते. प्रवास तसाच, दिशाही जवळपास तीच. पण नियम दुसऱ्याने लिहिले, म्हणून इतिहास दुसरा दिसतो. २०२१ साली ऑरेगन ट्रेलची नवी आवृत्ती काढणाऱ्यांनीही मूळ रहिवासी समाजातल्या इतिहासकारांचा सल्ला घेतला. पन्नास वर्षं लागली, पण नियम बदलता येतात हे सिद्ध झालं.

भारतातही एक बोधप्रद प्रयोग झाला. मॅथ्यू काम आणि त्यांचे सहकारी ग्रामीण मुलांसाठी मोबाइलवर इंग्रजी शिकवणारे खेळ तयार करत होते. त्यांच्या लक्षात आलं की काही खेळांत काय करायचं तेच मुलांना उमगत नाही, कारण त्यांची घडण शहरी व्हिडिओ गेमची आहे. मग त्यांनी मुलं गावात प्रत्यक्ष काय खेळतात ते विचारायला सुरुवात केली. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या तीन समुदायांत असे २८ पारंपरिक खेळ नोंदवून २००९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. शिकवायला आलेले लोक आधी खेळायला शिकले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच केलं होतं, संगणकाशिवाय. मुलांच्या परिसरातलं साहित्य घेऊनच त्यांनी बालवाडी उभी केली.

आता शेवटचा टप्पा. नियम मोठ्यांनीच का लिहायचे? हा प्रश्न सीमोर पॅपर्ट यांनी विचारला. जिनीव्हात पियाजे यांच्याकडे काही वर्षं काढलेला हा गणिती. १९६७ साली त्यांनी वॉलेस फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह मुलांसाठी 'लोगो' ही संगणक-भाषा तयार केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शाळेत संगणक मुलाला चालवतो, तिथे मुलाने संगणक चालवायला हवा. पुढे त्यांच्याच परंपरेत यास्मिन काफाई यांनी बॉस्टनच्या एका शाळेत प्रयोग केला. चौथीतल्या मुलांना सांगितलं, तुमच्याहून लहान मुलांना अपूर्णांक शिकवणारा खेळ तुम्हीच करा. मुलं कित्येक महिने त्यात गुंतली. १९९५ साली यावरचं त्यांचं पुस्तक आलं. विचार करा, खेळ करायचा म्हणजे उत्तर चुकलं तर काय होईल हे ठरवावं लागतं. एखादा का चुकेल, याचा विचार करावा लागतो. म्हणजे शिकवणाऱ्याच्या जागी बसावं लागतं. नियम आकाशातून पडत नाहीत, कोणीतरी ते ठरवतं, हे मुलाला तिथे स्वतःच्या हाताने कळतं. प्लेटोला ज्या मुलाची भीती होती ते हेच.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना आमचं सांगणं एवढंच. मुलाच्या हातात खेळ देण्यापूर्वी आपण स्वतः तो अर्धा तास खेळा. खेळताना पाहा, की इथे जिंकायला खरोखर काय करावं लागतं. या खेळात कोणाला बोलताच येत नाही, तेही पाहा. आणि खेळून झाल्यावर मुलाशी बोला. हे शेवटचं काम कुठलंही यंत्र विकत मिळत नाही. मेबल ॲडिस आणि डॉन रॅविच हे वर्गातले शिक्षक होते, खेळ हे त्यांच्या शिकवण्याचं साधन होतं. पुढच्या काळात साधन तेवढं दुकानात आलं आणि शिक्षक मागे राहिला. त्याला पुन्हा पुढे बोलवायला हवं.

नातीचं काय झालं, ते सांगून थांबतो. आम्ही तिला म्हटलं, तूच या खेळाचा नियम बदल. तिने वहीचं पान फाडून नवा खेळ केला. चुकलं की दोन चांदण्या परत द्यायच्या. आणि तो आजीबरोबर खेळायला बसली. आजी मुद्दाम चुकत होती. थोड्या वेळाने आजीकडे एकही चांदणी उरली नाही, तेव्हा ही पेन्सिल घेऊन पुन्हा विचार करत बसली. म्हणाली, "दोन जास्त होतात. मग आजी खेळणारच नाही. एकच घेऊ या." त्या दिवशी सात आठे छप्पन्न तिला आलंच, कारण आजीचं उत्तर बरोबर की चूक ते तिलाच ठरवायचं होतं.

आता आपल्या प्रश्नांकडे वळू.